घरच्या शाळेत लॅटिन: कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये राहतो आणि दोन्ही मुलांना मी घरीच शिकवते. मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा सात वर्षांचा. घरात मराठीच बोलतो. आमच्या होमस्कूलिंगच्या गटात बहुतेक घरांमध्ये लॅटिन शिकवतात. कोणी ‘फर्स्ट फॉर्म’ सुचवते, कोणी ‘हेन्ले’, कोणी ‘केंब्रिज’, तर कोणी म्हणते की ओर्बेर्गशिवाय दुसरे काही घेऊच नका. मला लॅटिनचा गंध नाही. दहावीपर्यंत पूर्ण संस्कृत मात्र होते. दोघांना मिळून एकच अभ्यासक्रम चालेल का? या पुस्तकांत धार्मिक मजकूर कितपत असतो? शिवाय सासूबाई विचारतात की लॅटिनच का, संस्कृत का नको? त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर: पत्रात तुम्ही मुलांची वये लिहिली, पुस्तकांची नावे लिहिली आणि स्वतःविषयी एकच ओळ लिहिली, की लॅटिनचा गंध नाही पण दहावीपर्यंत पूर्ण संस्कृत होते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ओळीतच आहे. शाळेत लॅटिनचा शिक्षक लॅटिन शिकलेला असतो, त्यामुळे पुस्तकात जे सांगायचे राहिले ते तो फळ्यावर सांगतो. घरी ती सोय नसते. आई मुलीच्या जेमतेम एक धडा पुढे असते, आणि म्हणून शिकवणाऱ्याला आधीच काय येत असेल असे पुस्तक गृहीत धरते, हे मुलांच्या वयाइतकेच महत्त्वाचे ठरते. तुमच्या गटातल्या इतर पालकांना विभक्ती ही कल्पनाच नवीन असेल. तुम्ही शाळेत नामांचे आणि क्रियापदांचे तक्ते भरलेले आहेत. त्यांना जे पुस्तक सोयीचे वाटले ते तुम्हालाही सोयीचे वाटेल, असे मुळीच नाही.

आधी एक दडपण दूर करते. टेक्सासमध्ये लॅटिन शिकवण्याची कायदेशीर सक्ती नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या लीपर खटल्यात घरच्या शाळेला खासगी शाळेचा दर्जा मान्य केला, आणि वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित व नागरिकत्व एवढे विषय मनापासून शिकवले जावेत इतकीच अपेक्षा ठेवली. गटातल्या घरांमध्ये लॅटिन दिसते ते अमेरिकेतल्या ‘क्लासिकल’ शिक्षणाच्या चळवळीमुळे. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947 मध्ये एका भाषणात मध्ययुगीन ट्रिव्हियमची, म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन पायऱ्यांची आठवण करून दिली. पुढे 1990 च्या दशकात होमस्कूलिंग करणाऱ्यांनी ती कल्पना उचलली आणि तिच्यासोबत लॅटिन घरोघरी पोहोचले. लॅटिनमुळे कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेतले गुण वाढतात, स्पेलिंग बी ही शब्दलेखनाची स्पर्धा जिंकता येते, डॉक्टर होणे सोपे जाते, असे तुम्हाला बरेच ऐकवले जाईल. लॅटिन घेणारी मुले बहुधा आधीपासूनच वाचनात रमणारी आणि अभ्यासाची शिस्त असलेल्या घरांतली असतात, त्यामुळे त्यांच्या गुणांचे श्रेय कोणाला द्यावे हे ठरवणे कठीण आहे. केवळ इंग्रजी शब्दांची मुळे ओळखता यावीत एवढाच हेतू असेल, तर लॅटिन-ग्रीक मुळांचे एखादे साधे पुस्तक वर्षभरात ते काम करील आणि विभक्तींचे तक्ते पाठ करण्याचा त्रास वाचेल. रोमन लोकांनी लिहिलेले कधीतरी त्यांच्याच भाषेत वाचता यावे, ही इच्छा असेल तरच पुढचे सगळे वाचा.

गटातली मते इतकी वेगवेगळी आहेत याचे कारण असे की या पुस्तकांत दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. एका परंपरेत रूपे आधी आणि वाचन नंतर. दुसरीत वाचन आधी आणि रूपे वाचता वाचता. मेमोरिया प्रेस या प्रकाशन संस्थेची ‘फर्स्ट फॉर्म’ मालिका पहिल्या परंपरेतली आहे. तिचे चार भाग आहेत, आणि लॅटिन न येणाऱ्या पालकाने शिकवायचे आहे हे धरूनच ती लिहिलेली आहे: शिक्षकाची पुस्तिका, स्वाध्याय, उत्तरसूची, उच्चाराची ध्वनिमुद्रणे, हवे असल्यास व्हिडिओही. दर आठवड्याला काय करायचे ते आखून दिलेले असते. मुले तक्ते खडाखडा म्हणतात, पण सलग वाचनाचा मजकूर फार थोडा असतो, आणि वर्षभर रूपे घोकूनही एखादी गोष्ट वाचता येत नाही ही तक्रार या मार्गाने गेलेल्या घरांतून वारंवार ऐकू येते. हेन्ले हे जेझुइट पाद्री रॉबर्ट हेन्ले यांचे 1945 चे पुस्तक. ते ख्रिस्ती शाळांतल्या मोठ्या मुलांसाठी आणि सीझरच्या युद्धवर्णनाकडे नेण्यासाठी लिहिलेले आहे. व्याकरण नेमके आहे. वाक्ये मात्र सैन्य, सेनापती, खंदक आणि येशू-मेरी यांच्याभोवती फिरतात. अकरा वर्षांच्या मुलीला ते कोरडे वाटेल. तुमच्या गटातले कोणी ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ या होमस्कूलिंग संस्थेच्या वर्गांना जात असेल तर त्यांना हेन्लेच घ्यावे लागते, कारण तेथे मोठ्या मुलांसाठी तेच नेमलेले आहे. तुम्हाला तसे बंधन नाही.

दुसऱ्या परंपरेत ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’ आणि ओर्बेर्ग ही दोन नावे येतात. केंब्रिजची सुरुवात 1970 मध्ये ब्रिटिश शाळांसाठी झाली. पहिल्या पुस्तकात पाँपेई या रोमन शहरातल्या सिसिलियस नावाच्या सावकाराचे घर आहे, आणि तो माणूस खरोखर होऊन गेलेला आहे. त्याच्या घराच्या अवशेषांत त्याच्या व्यवहारांच्या मेणाच्या पाट्या सापडल्या. पुस्तक इ. स. 79 च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकापाशी संपते आणि मुले शेवटच्या पानांवर अक्षरशः खिळून राहतात. मुलांना ओढून नेणारे याहून चांगले पुस्तक मला माहीत नाही. अडचण शिकवणाऱ्याची आहे. व्याकरण हळूहळू आणि थोडे थोडे येते, आणि मुलीने ‘हे रूप असे का?’ असे विचारले की उत्तर तीन-चार प्रकरणांनंतर मिळते. वर्गात शिक्षक मधला पूल बांधतो. घरी आई आणि मुलगी दोघीही थांबून राहतात.

डेन्मार्कच्या हान्स ओर्बेर्ग यांच्या मालिकेचे पहिले पुस्तक ‘फामिलिया रोमाना’. त्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लॅटिनखेरीज दुसरी भाषा नाही. सुरुवातीला रोमन साम्राज्याचा नकाशा येतो, त्यावरून नद्या, बेटे आणि शहरे यांची साधी वाक्ये येतात, नवा शब्द समासातल्या चित्रावरून किंवा आधी आलेल्या शब्दांवरून उमगतो, आणि मग युलियस व एमिलिया यांचे कुटुंब, त्यांची तीन मुले व गुलाम यांची गोष्ट चालते. पुस्तकात एकूण पस्तीस प्रकरणे आहेत. भाऊ बहिणीला मारतो, एका गुलामावर पैसे चोरल्याचा संशय येतो, कोणी पळून जाते. ओर्बेर्गचे चाहते सांगतात की आणखी काही लागतच नाही. मला ते पटत नाही. प्रत्येक प्रकरणात एखादे नवे व्याकरण दडलेले असते, आणि ते ओळखणारे कोणी शेजारी नसेल तर मूल अंदाजाने पुढे जाते आणि मध्यावर पोहोचल्यावर अचानक काहीच कळेनासे होते. हे दडलेले व्याकरण ओळखायला लॅटिनच यावे लागते असे नाही. विभक्ती, वचन, पुरुष आणि काळ म्हणजे काय हे आतून समजलेले पुरते, आणि ते तुम्हाला येते. म्हणून टेक्सासमधल्या दुसऱ्या कोणा पालकाने हाच प्रश्न विचारला असता तर मी फर्स्ट फॉर्म सांगितले असते. तुम्हाला मात्र ओर्बेर्ग सांगते. सोबत जीन न्यूमन यांनी इंग्रजीत लिहिलेले त्याचे मार्गदर्शक पुस्तक घ्या. त्यात प्रकरणानुसार व्याकरण समजावलेले आहे, आणि ते मुलीने नव्हे तर तुम्ही वाचायचे आहे.

तुमच्या घरातल्या मराठीचा फायदा नेमका कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण अमेरिकेत छापलेल्या कोणत्याही पुस्तकात ते तुम्हाला मिळणार नाही. इंग्रजीतून लॅटिनकडे जाणाऱ्या मुलाला तीन लिंगे, विशेषणाचे लिंगाप्रमाणे बदलणे आणि वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद या तिन्ही गोष्टी चमत्कारिक वाटतात. तुमची मुलगी ‘मोठा मुलगा, मोठी मुलगी, मोठे घर’ असे सहज म्हणते. ‘माग्नुस, माग्ना, माग्नुम’ हा तोच प्रकार आहे. ‘आग्रिकोला आक्वाम पोर्तात’ म्हणजे ‘शेतकरी पाणी नेतो’, आणि शब्दांचा क्रमही तोच. लॅटिनमध्ये इंग्रजीसारखी उपपदे नाहीत, मराठीतही नाहीत. त्यामुळे भाषांतराचे स्वाध्याय मुलीकडून कधी कधी मराठीत करून घ्या. इंग्रजीत वाक्याची मोडतोड करावी लागते तेथे मराठीत ते जसेच्या तसे उतरते, आणि विभक्तीचे काम उघड दिसते.

लॅटिनमधल्या सहा विभक्तींपैकी इंग्रजी पुस्तके सर्वांत जास्त पाने खर्च करतात ती ‘ॲब्लेटिव्ह’वर. मुलीला एवढेच सांगा की आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी यांची कामे तेथे एकाच रूपाने होतात: ‘ग्लादिओ’ म्हणजे तलवारीने, ‘एक्स ओप्पिदो’ म्हणजे गावातून, ‘इन होर्तो’ म्हणजे बागेत. शब्दयोगी अव्यय पाहून कोणते काम आहे ते ठरवायचे. ही गोष्ट तुम्ही एका बैठकीत समजावू शकाल.

आता जेथे मराठी आडवी येते ते पाहा. पहिली अडचण लिंगांची. तीन लिंगे दोन्हीकडे असली तरी ती जुळत नाहीत. आपला हात पुल्लिंगी आहे, ‘मानुस’ स्त्रीलिंगी. झाड नपुंसकलिंगी, ‘आर्बोर’ स्त्रीलिंगी. पुस्तक नपुंसकलिंगी, ‘लिबेर’ पुल्लिंगी. मूल मराठीवरून ठोकून देते, म्हणून प्रत्येक नाम लिंगासकट आणि षष्ठीच्या रूपासकट पाठ करण्याचा नियम पहिल्या आठवड्यापासून ठेवा. दुसरी अडचण अधिक खोल आहे आणि ती भूतकाळात येते. ‘मुलगा कुत्र्याला पाहतो’ येथे सगळे ठीक चालते. पण भूतकाळात आपण ‘मुलाने कुत्रा पाहिला’ म्हणतो, कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. लॅटिनमध्ये कर्ता भूतकाळातही प्रथमेतच राहतो आणि कर्म द्वितीयेतच: ‘पुएर कानेम वीदित’. मराठी मूल येथे हमखास कर्त्याला ॲब्लेटिव्ह लावू पाहते. ही चूक केवळ निष्काळजीपणाची समजू नका. मुलगी मराठीच्या नियमाने बरोबर विचार करीत असते. भूतकाळाच्या प्रकरणात या एका मुद्द्यासाठी दोन-तीन दिवस वेगळे काढा.

विभक्तींच्या क्रमाविषयी एक व्यावहारिक सूचना. अमेरिकी पुस्तके प्रथमेनंतर षष्ठी आणि चतुर्थी घेतात व द्वितीया चौथ्या जागी ठेवतात. ब्रिटिश परंपरा आणि ओर्बेर्ग द्वितीया वर घेतात. तुम्हाला ‘रामः, रामम्’ असे म्हणायची सवय असल्याने ओर्बेर्गचा क्रम ओळखीचा वाटेल. कोणताही क्रम चालतो. फक्त दोन क्रमांची पुस्तके एकाच वर्षी मुलीच्या हाती देऊ नका, कारण तक्ता पाठ झाला की तो चालीसकट पाठ होतो आणि मग क्रम बदलला की सगळा घोळ होतो.

उच्चारांवरून होमस्कूलिंग करणाऱ्यांमध्ये फार वाद होतात, पण तुमच्या निवडीत त्याला फारसे महत्त्व नाही. चर्चच्या परंपरेत सिसेरो या रोमन वक्त्याच्या नावाचा ‘चिचेरो’ होतो, प्राचीन उच्चारात ‘किकेरो’. मेमोरिया प्रेसची ध्वनिमुद्रणे चर्चच्या पद्धतीची आहेत. केंब्रिज आणि ओर्बेर्ग वापरणारे बहुतेक प्राचीन उच्चार घेतात. तुमच्या घरात लॅटिन स्तोत्रे गायची नाहीत, तेव्हा प्राचीन उच्चार घ्या आणि तेच ठेवा. अमेरिकी ध्वनिफितींत ‘त’ आणि ‘द’ ऐवजी ‘ट’ आणि ‘ड’ ऐकू आले तरी मुलीला आपले दंत्य उच्चारच करू द्या, तेच अधिक बरोबर आहेत. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र लक्ष हवे. ‘पुएल्ला’चा शेवटचा स्वर आखूड की लांब, यावर प्रथमा की ॲब्लेटिव्ह ते ठरते, आणि स्वरांवरच्या आडव्या रेघा लिहिण्याचा कंटाळा केला तर पुढे वाचताना अडते.

धार्मिक मजकुराबद्दल तुम्ही विचारले ते योग्यच केले. मेमोरिया प्रेसच्या लहान मुलांच्या ‘प्रिमा लाटिना’ आणि ‘लाटिना क्रिस्तियाना’ या पुस्तकांत लॅटिन प्रार्थना पाठ करून घेतात, आणि ‘फर्स्ट फॉर्म’मध्येही चर्चची वचने अधूनमधून येतात. क्लासिकल ॲकॅडेमिक प्रेस हीसुद्धा ख्रिस्ती दृष्टिकोनाची संस्था आहे. तिचे ‘लॅटिन फॉर चिल्ड्रन’ गाणी आणि चाली लावून शब्द पाठ करवते. हेन्लेविषयी वर सांगितलेच. केंब्रिज धर्मनिरपेक्ष आहे. ओर्बेर्गच्या पुस्तकात अठ्ठाविसाव्या प्रकरणात बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानातला काही भाग वाचून दाखवला जातो, पण तो कथेतल्या एका पात्राच्या श्रद्धेचा भाग म्हणून येतो, तुमच्या मुलीने स्वीकारण्यासाठी नव्हे. मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा गुलामगिरीच्या चित्रणाकडे अधिक लक्ष द्या. या पुस्तकांतले गुलाम पुष्कळदा विनोदी किंवा आळशी दाखवलेले असतात, आणि अमेरिकेत वाढणाऱ्या मुलीशी त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. केंब्रिजच्या ब्रिटिश आवृत्तीत अलीकडे यासाठीच बदल केले गेले.

दोघांना एकच अभ्यासक्रम चालेल का, याचे उत्तर नाही असे आहे. सात आणि अकरा या वयांत अंतर फार आहे, आणि एकत्र बसवले की एकतर मुलगी कंटाळते नाहीतर मुलगा रडकुंडीला येतो. मुलाला सध्या लॅटिनची गरज नाही. त्याला ताईसारखे काहीतरी हवेच असेल, तर केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचे बार्बरा बेल यांचे ‘मिनिमुस’ आणा. ते चित्रकथेच्या रूपात आहे, त्यात एक उंदीर आहे, आणि उत्तर इंग्लंडमधल्या व्हिंडोलांडा येथील रोमन छावणीत राहिलेले खरे कुटुंब आहे. तेथील सुल्पिकिया लेपिदिना हिला मैत्रिणीने वाढदिवसाला बोलावण्यासाठी लाकडाच्या पातळ पट्टीवर लिहिलेले पत्र सापडले आहे, सुमारे इ. स. 100 चे ते पत्र स्त्रीच्या हातच्या सर्वांत जुन्या लॅटिन लेखनांपैकी एक मानले जाते. ही माहिती मुलीलाही आवडेल. मुलाकडून पाठांतर करून घेऊ नका.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो टोमणा समजून सोडून देऊ नका, कारण त्यात तथ्य आहे. संस्कृतात आठ विभक्ती आणि द्विवचन. लॅटिनमध्ये विभक्ती कमी, द्विवचन नाही, संधीचे नियम जवळजवळ नाहीत. भाषा म्हणून लॅटिन सोपी आहे आणि तिच्यासाठी मुलांच्या वयाची पुस्तके कितीतरी अधिक आहेत. कॉलेज प्रवेशाच्या दृष्टीने पाहिले तर लॅटिनला एपी, म्हणजे शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या दर्जाची परीक्षा आहे, संस्कृतला नाही. पण घरात संस्कृत म्हणणारी, स्तोत्रे अर्थासह सांगणारी आजी असेल, तर ती सोय टेक्सासमध्ये पैसे देऊनही मिळणार नाही. दोन्ही भाषा कोऱ्या पाटीवर एकाच वर्षी सुरू करू नका; एक भाषा वर्ष-दीड वर्ष स्थिरावली की दुसरी घ्या, मग दुसरीला निम्मा वेळ लागतो. पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, ती मीच विचारते: मुलीला मराठी वाचता येते का? घरात बोलली जाणारी भाषा लिहिता-वाचता येत नसेल तर मी लॅटिन आणि संस्कृत दोन्ही वर्षभर लांबणीवर टाकीन. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा उत्तर अमेरिकेत अनेक शहरांत चालतात. जवळ असेल तर तेथे चौकशी करा. देवनागरी वाचणाऱ्या मुलीला संस्कृताची निम्मी वाट मोकळी होते, आणि सासूबाईंनाही ते उत्तर पटेल.

मराठीची ती बाजू भक्कम असेल, तर क्रम असा ठेवा. पहिले काही महिने विल्यम लिनी यांचे ‘गेटिंग स्टार्टेड विथ लॅटिन’ घ्या. ते होमस्कूलिंग करणाऱ्यांसाठीच लिहिलेले आहे. धडे अगदी लहान, दर धड्यात एखादीच नवी गोष्ट, उत्तरे पुस्तकाच्या मागे, आणि लेखकाने दोन्ही पद्धतींच्या उच्चारांची ध्वनिमुद्रणे मोफत ठेवलेली आहेत. ते फार पुढे नेत नाही, पण तुम्हा दोघींची भीती घालवते. तुम्ही धडा आदल्या रात्री करा, मुलगी दुसऱ्या दिवशी करील. मग ‘फामिलिया रोमाना’ सुरू करा, रोज अर्धा तास, आठवड्यातून निदान चार दिवस. आठवड्यात एकदाच दोन तास बसण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मुलीकडून वहीत तक्ता करून घ्या, अगदी तुम्ही शाळेत भरत होता तसाच. फक्त तो पुस्तकातून उतरवायचा नाही. तिने वाचलेल्या वाक्यांतून रूपे वेचून भरायचा, आणि जे खण रिकामे राहतील ते न्यूमनच्या पुस्तकातून तुम्ही सांगायचे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस नॅशनल लॅटिन एक्झाम देऊन पाहता येईल. ती चाळीस बहुपर्यायी प्रश्नांची असते, घरी शिकणाऱ्या मुलांनाही देता येते, आणि तिच्यात व्याकरणाबरोबर रोमन भूगोल, इतिहास व पुराणकथांवरही प्रश्न असतात.

सोळाव्या प्रकरणाशी तुम्ही बहुधा अडाल. तेथे रूपाने कर्मणी आणि अर्थाने कर्तरी अशी क्रियापदे येतात, एक लांब वाक्यरचनाही नव्याने येते, आणि तेथवर भराभर आलेली मुले पुस्तक मिटतात. अशा वेळी दुसरे पुस्तक मागवण्याचा मोह होईल, गटातही तसा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. आपल्या ‘लभते’, ‘वन्दते’ या आत्मनेपदी धातूंची तुम्हाला आठवण असेल. तीच ओळख मुलीला सांगा, मागची तीन प्रकरणे पुन्हा मोठ्याने वाचून घ्या, आणि सोळाव्या प्रकरणाला हवा तर पूर्ण महिना द्या.